भरलेलं माजघर

ते वादळ आमच्या घरातल्या सगळ्यांनी दारं लावून आतून ऐकलं. मी एकटीने ते बाहेरून पाहिलं, आणि पाहायची मला काडीचीही हौस नव्हती. मी त्या दिवशी बाहेरची होते. म्हणजे मला कावळा शिवला होता. आजच्या मुलींना हे शब्द सांगितले की त्या खो-खो हसतात. हसा बापड्यांनो, तुमचं हसणं ऐकून मला बरंच वाटतं. पण मी तेरा-चौदा वर्षांची असताना आमच्या रत्नागिरीत, आमच्यासारख्यांच्या घरात, हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नव्हतं. महिन्याच्या त्या दिवसांत बाईने घराबाहेर बसायचं, कुणाला शिवायचं नाही, विहिरीकडे फिरकायचं नाही, आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन मगच घरात पाऊल टाकायचं. ती चुकून शिवलीच तर भरलेलं पाणी ओतून द्यायचं, शिजलेलं अन्न गुरांना घालायचं, लोणच्याची बरणी गेली म्हणून समजायचं. देवांना तर तिची सावलीसुद्धा चालायची नाही. देवांना कुणी विचारलं होतं, देव जाणे.

माझी बसायची जागा म्हणजे मागच्या अंगणाच्या टोकाला, गोठ्याला टेकवलेली कुडाची खोली. कुडाला शेणमाती लिंपलेली, वर माडाच्या झापांचं छप्पर, खाली एक घोंगडी, उशाला एक तांब्या. खिडकी नव्हती, पण कुडाला इतकी भोकं पडली होती की मागच्या पडवीत कोण आलं, कोण गेलं, सगळं दिसायचं. पलीकडे गाय उभी असायची. तिच्या रवंथाचा आवाज ऐकत मी दिवस काढायचे. घर आमचं चिऱ्याचं, कौलारू, अण्णांनी नोकरी लागल्यावर बांधून घेतलेलं. अण्णा म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते. घरात आई, मी, माझ्या पाठीवरची पाच वर्षांची कुशी, आणि आम्हा सगळ्यांवर राज्य करणारी आत्या. आत्या अण्णांहून थोरली. अगदी पोरवयात विधवा होऊन परत आलेली, केशवपन केलेलं, अंगावर लाल आलवण. तिचं सोवळं म्हणजे तलवारीची धार. तिचं पाणी ती स्वतः काढायची, तिच्या वाळत घातलेल्या वस्त्राखालून मांजर गेलं तरी ते पुन्हा भिजायचं. आणि आई? आई घरात असून नसल्यासारखी. लग्न होऊन आल्यापासून तिने आत्याला उलट उत्तर दिलेलं कुणी ऐकलं नव्हतं. 'हो वन्सं' आणि 'नाही वन्सं' एवढ्यावर तिचं बोलणं भागायचं.

दिवाळी नुकतीच झाली होती, तुळशीचं लग्न व्हायचं होतं. सकाळी जाग आली तेव्हा ऊन पडलं होतं, पण पिवळट, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखं. समुद्राचा आवाज एरवी भाट्याच्या बाजूने यायचा, त्या दिवशी तो सगळीकडून येत होता. गाय उठबस करत होती. थोड्या वेळाने अण्णा कचेरीत न जाता अर्ध्या वाटेवरूनच धावत परत आल्याचं मला ऐकू आलं. "आक्का, मांडवी बंदरावर तुफानाचा बावटा चढलाय! आगबोट लागायची नाही म्हणतात. होड्या पार वर वस्तीपर्यंत ओढताहेत. आणि बाजारात तर रांगा कसल्या, वाण्याच्या फळीवर माणसं चढलीत!" आत्याचा आवाज आला, "मग उभा काय राहिलास दीपमाळेसारखा? पिशव्या घे आणि जा!"

पुढचा सारा गोंधळ मी कुडाच्या भोकाला डोळा लावून पाहिला, आणि जे दिसलं नाही ते कुशीने येऊन सांगितलं. कुशी माझ्याकडे यायची ती नागडी. लहान पोराच्या अंगावर कपडा नसेल तर त्याने शिवलेलं चालतं, विटाळ म्हणे कपड्याला लागतो. त्यामुळे आमची ही बातमीदारीण पडवीत झगा काढून फेकायची, अंगण ओलांडून माझ्या मांडीवर येऊन बसायची, आणि बातमी सांगून झाली की पुन्हा पळत जाऊन झगा चढवायची. "ताई, मीठ संपलं बाजारातलं!" "ताई, शेजारच्या काकूंनी घासलेटचा डबा लपवला, मी बघितला!" "ताई, आई दशम्या करतेय, मला एक दिली, तुला पण आणते." दशम्यांचा खरपूस वास माझ्यापर्यंत येतच होता. वारा सुटला की चुली पेटवता येणार नाहीत म्हणून आई सकाळपासून पोळपाटावर वाकली होती. गूळपोहे कालवून झाले, दूध आटवून झालं, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा घाणा चालू होता. एरवी सणालाही आमच्याकडे एवढं रांधलं जात नसे.

परवा दूरदर्शनवर वादळाची बातमी आली तर माझी नातसून अशीच धावत सुटली. पाव, मेणबत्त्या, दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे. सहा माणसं महिनाभर खातील एवढं आणून ठेवलं, आणि वादळ गेलं कच्छकडे. भीती वाटली की माणूस पिशवी उचलतो, हे मी फार पूर्वीच पाहून ठेवलंय.

अण्णांसारख्या माणसाने मात्र बाजारात जाऊच नये. ते भिडस्त. दुकानावर लोकांची झुंबड, कुणी पायली घेऊन भांडतोय, कुणी गुळाच्या ढेपेला मिठी मारून बसलाय, आणि आमचे अण्णा 'आपण घ्या, आपण घ्या' करत मागे उभे. त्यांच्या हाती लागलं ते एक पोतं साबुदाणा आणि तीन छत्र्या. पडवीत पोतं उतरवलं तेव्हाचा आत्याचा चेहरा मला भोकातून स्पष्ट दिसला.

"हे काय विष्ण्या? साबुदाणा? गावाची एकादशी करायचीय?"

"मिळालं ते आणलं, आक्का. लोक घेत होते."

"लोक उद्या खाडीत उड्या टाकतील, तू टाकशील? आणि मेल्या, ह्या छत्र्या कशाला? वादळ आलं की एक उघडून बस. आगबोटीवाचून मुंबईस पोचशील!"

मी खोलीत तोंडावर पदर दाबून इतकी हसले की गाय दचकली. अण्णा बिचारे पुन्हा गेले, आणि या खेपेला आत्याच्या धाकाने की काय, डाळ, गूळ, काड्याच्या पेट्या आणि सुंभाची भेंडोळी घेऊन आले. जे जे आणलं ते ते माजघरात जात होतं. माजघर म्हणजे घराच्या पोटातली खोली. चारी भिंती जाड चिऱ्याच्या, खिडकी नाही, मागच्या पडवीकडे एक दार, वर फळ्यांचा भक्कम माळा, म्हणजे कौलं उडाली तरी डोक्यावर पडायची नाहीत. ओटी, स्वयंपाकघर, पडव्या, कशाचाच भरवसा नव्हता. वादळात माणसांनी जगायचं तर ते त्याच खोलीत, हे ठरलेलंच होतं. आत्या सोवळ्यात उभी राहून सांगत होती आणि आई वाहून नेत होती. विहिरीच्या पाण्याने भरलेले हंडे, घागरी, कळश्या. दशम्यांची चळत, पुऱ्यांचा डबा. लोणच्याच्या बरण्या. शेवटी आत्याने ओलेत्याने देव्हाऱ्यातले देव ताम्हनात घेतले आणि तेही माजघरात नेले. कुशी सांगत आली, "ताई, आत पाय ठेवायला पण जागा नाही! देव पण आलेत आमच्यात निजायला!"

आणि तेव्हा माझं हसू मावळलं. पाणी आत, अन्न आत, देव आत. मग मी कुठे? मी मनातल्या मनात घरभर फिरून आले. ज्या खोलीत जीव वाचायचा, त्या खोलीत मला चालणार नाही असंच सगळं नेमकं भरून ठेवलं होतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, एवढं मी आजही म्हणेन. त्या गडबडीत मी कुणाच्या ध्यानातच नव्हते. बाहेर बसलेल्या बाईची घराला सवय असते, ती असून नसतेच. पण मला जे वाटलं ते सांगते. त्या साबुदाण्याच्या पोत्याचा मला हेवा वाटला.

आई माझं पान घेऊन आली. लांबूनच वाकून तिने दशमी नि गूळ वरून टाकला. मी म्हटलं, "आई, वारा आला की मी कुठे बसू?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग छपराकडे पाहिलं. आत जाऊन तिने विचारलं असावं, कारण लगेच आत्याचा खणखणीत आवाज आला, "बसेल तिथेच! खोली काय पळून जातेय? पाऊस आला तर गोठ्यात सरकेल. आम्ही नाही बसलो कधी वादळात?" अण्णा पुटपुटले, "आक्का, तुफान मोठं आहे म्हणतात." त्यावर आत्या म्हणाली, "पुरुषांनी ह्यात पडू नये." आणि अण्णा पडले नाहीत. पुरुषांनी बायकांच्या त्या गोष्टींचा उच्चारही करायचा नाही, अशी तेव्हाची रीत. रीत पुष्कळदा भित्र्यांच्या पथ्यावर पडते.

दुपार कलली आणि एकदम अंधारून आलं. आधी सगळं स्तब्ध झालं. कावळा नाही, कुत्रं नाही, माडाची झावळी हलेना. मागचं दार लागल्याचा आवाज मी ऐकला, मग आतून अडसर सरकल्याचा. तो लाकडाचा आवाज माझ्या छातीत बसला. मी हाक मारली, "आई!" आणि मग वारा आला. त्याला वारा म्हणायचं कसं, ते मला अजून समजत नाही. तो शिरला नाही, आदळला. कुड आत वाकला, पुन्हा बाहेर गेला. वरचे झाप एकेक करून उठायला लागले. पाण्याच्या सपकाऱ्याने घोंगडी पहिल्याच झटक्यात भिजली. गाय दावं तोडून ओरडत निघून गेली, म्हणजे गोठ्यात सरकायचीही सोय संपली, कारण गोठ्याची एक बाजूच तिच्याबरोबर गेली. खोलीत राहावं तर ती अंगावर येणार, बाहेर पडावं तर माड कडाकड मोडताहेत. दोन्हीकडून मरण. मी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि रामरक्षा म्हणायला गेले, तर तेवढ्यात आठवलं की या दिवसांत तीही म्हणायची नाही. इतकी चीड आली मला! देवा, म्हटलं, तू माजघरात कोरडा बसलायस, आणि तुझं नाव घ्यायचीही मला बंदी! मी मोठमोठ्याने रामरक्षा म्हणत उठले आणि अंगणातून धावत सुटले. पडवीच्या खांबाला मिठी मारली तेव्हा मागे वळून पाहिलं. खोलीचं छप्पर अख्खंच्या अख्खं उचललं गेलं आणि पेरूच्या झाडावर जाऊन आपटलं. कुड तर केव्हाच आडवा झाला होता.

मी माजघराच्या मागच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागले. "दार उघडा! खोली पडली! आई, दार उघडा!" दार जाड सागवानी, पण फटीतून आतलं बोलणं कळत होतं. कुशी रडत होती. अण्णा म्हणाले, "आक्का, पोर मरेल. आपद्धर्म म्हणून शास्त्रातही सूट आहे." मग आत्या बोलली. तिचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, ओरडणारा नव्हे, कापरा.

"आपद्धर्म तुम्हाला, विष्णू. तुला नोकरी आहे, बायको आहे, पोरं आहेत. माझ्याजवळ काय आहे रे? नवरा मी नीट पाहिलासुद्धा नाही. हे एवढं सोवळं आहे माझ्याजवळ. उभा जन्म त्यात घातला मी. इथे देव आहेत, पाणी आहे. ती आत आली की माझं काय उरलं? पडवीत बसेल ती. भिंतीच्या आडोशाला काही होत नाही."

ती दाराला पाठ लावून बसली होती. तिच्या पाठीची नि माझ्या तळहातांची गाठ मधल्या फळीशी पडत होती. पडवीची कौलं माझ्या आजूबाजूला फुटत होती. एक माझ्या खांद्याला लागलं, त्याची खूण अजून आहे. मी थापा मारायची थांबले. दाराला गाल लावून उभी राहिले आणि मनाशी म्हटलं, आता हे लोक दार उघडायचे नाहीत.

तेव्हा आई बोलली. शांतपणे, अगदी 'हो वन्सं' म्हणायची त्याच आवाजात.

"वन्सं, मी सकाळपासून बाहेरची आहे."

कुशी रडायची थांबली.

"काय म्हणालीस?"

"मी बाहेरची आहे. गडबडीत बोलले नाही. हे पाणी मी भरलं. दशम्या मी केल्या. देवांखाली पाट मांडला तो मीच, आणि मघापासून तुम्हाला लागून बसलेय ती मीच. सगळं शिवून झालंय, वन्सं. आता सांभाळायचं काही राहिलं नाही. उघडा दार."

अण्णा उठले असतील असं मला दाराबाहेरून वाटलं. तसं नाही. अडसर काढला तो आत्यानेच. दार उघडलं तेव्हा कंदिलाच्या उजेडात तिचं तोंड मला दिसलं. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. आईने मला ओढून आत घेतलं आणि भिजलेल्या लुगड्यासकट छातीशी धरलं. त्या दिवसांत आईने मला शिवायची ती पहिलीच वेळ. मी तिच्या कुशीत हुंदके देऊन रडले. पोरीला आईने धरावं यासाठी घर डोक्यावर पडावं लागतं काय, असं आज विचारावंसं वाटतं, पण विचारायचं कुणाला!

वारा सरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. अण्णांनी दशम्या काढल्या. कुशीने खाल्ल्या, मी खाल्ल्या, पोटभर पाणी प्यायले. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. अण्णांनी तिच्यापुढे भांडं धरलं, "आक्का, दोन घोट तरी घे." तिने मान हलवली. तिच्या लेखी त्या खोलीतला थेंबन्थेंब विटाळलेला होता. हंडे होते, घागरी होत्या, तिच्या हाताच्या अंतरावर कळशी होती, आणि ती बाई कोरड्या घशाने बसून राहिली. वारा पडल्यावर दार उघडून पाहतो तर विहिरीवर माड आडवा पडलेला, झावळ्यांनी तोंड पार बुजलेलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जायचा रस्ताही झाडांनी अडला होता. आत्या पायरीवर जाऊन बसली. गावातली माणसं कुऱ्हाडी घेऊन येईपर्यंत, विहीर मोकळी होऊन तिला आंघोळ करून स्वतःचं पाणी काढता येईपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार उलटली. ओठांना भेगा पडल्या होत्या. मला तिचा राग होता, आणि तो राग मी धरूनही ठेवला. पण तिच्याकडे पाहवत नव्हतं हेही खरं.

लोणची गेली, कोरड्याला विटाळ नाही म्हणून डाळ राहिली नि साबुदाणा राहिला. तो आम्ही पुढे इतका खाल्ला की खिचडीचं नाव काढलं तरी मला अजून मळमळतं. आई माझ्याबरोबर पडवीच्या कोपऱ्यात बाहेरची म्हणून बसली, आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायली. शेजारी शेजारी बसलो होतो आम्ही, आणि मी काही आंधळी नव्हते. तिच्याकडे धुवायला काही नव्हतं, वाळत घालायला काही नव्हतं. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तिची वेळ त्याच सुमाराची असायची, त्यामुळे आत्यालाही शंका यायचं कारण नव्हतं. त्यानंतर आई बाहेर बसली नाही. दिवस गेले होते. आत्याने त्या वादळापासून बोटं मोजली आणि सांगितलं, बाळंतपण श्रावणात, राखीपौर्णिमेच्या पुढे-मागे.

माझा भाऊ आला तो आषाढातच. आणि काही अपुऱ्या दिवसांचा नाही, चांगला गुबगुबीत, जावळ दाट, नखं वाढलेली. सुईणीने त्याला दारापाशी आणून दाखवलं. बाळंतिणीचा विटाळ, म्हणून आत्या उंबऱ्याबाहेर उभी. मी तिच्या मागे शेगडी फुलवत होते. तिने त्या पोराची नखं पाहिली. पुन्हा पाहिली. आलवणाच्या आत तिची बोटं हलताना मला दिसली, ती महिने मोजत होती. सुईण बाळाला पुसायला घेऊन गेली. आत्या उंबऱ्यावर बसली, आणि काळोखात बाजेवर पडलेल्या आईला म्हणाली,

"जानकी, मला तहान फार लागली होती गो त्या दिवशी."

बाज करकरली, आईने उंबऱ्याकडे तोंड केलं.

"ठाऊक आहे, वन्सं," ती म्हणाली. "मीही नव्हतं प्यायलं."